शिळं वर्तमानपत्र आणि ताजं खोटं

२००५ सालची गोष्ट. मी नुकताच कॅप्टन झालो होतो आणि उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर होतो. मोबाइलला रेंज नव्हती. टीव्ही होता, पण जनरेटर चालू असेल तेवढाच वेळ. साताऱ्याहून अण्णा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी आठवड्याभराची मराठी वर्तमानपत्रं सुतळीनं बांधून '५६ एपीओ'च्या पत्त्यावर धाडायचे. गठ्ठा माझ्या हातात पडेपर्यंत आठ-दहा दिवस जायचे. रस्ता बंद झाला तर पंधरा.

गठ्ठा आला की मी बंकरमध्ये बुखारीशेजारी बसून सगळे अंक तारखेनुसार लावायचो आणि ओळीनं वाचायचो. त्यात एक गंमत लक्षात आली. सोमवारच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत काहीतरी 'निश्चित' झालेलं असायचं. अमुक मंत्री जाणार, तमुक आघाडी फुटणार. बुधवारी ते 'जवळपास निश्चित' व्हायचं. शुक्रवारी त्यावर अग्रलेख यायचा. आणि शनिवारी पाचव्या पानाच्या तळाशी चार ओळी असायच्या, की असं काही ठरलेलंच नव्हतं. घरी रोज चहाबरोबर पेपर वाचणाऱ्या माणसाला हे दिसत नाही, कारण शनिवार येईपर्यंत तो सोमवार विसरलेला असतो. मला दिसायचं, कारण माझा सोमवार आणि शनिवार एकाच सुतळीत बांधून यायचे.

तेव्हा मला त्याचं हसू यायचं. २०२५ च्या मे महिन्यात मात्र हसू आलं नाही.

त्या दिवसांत मी पश्चिम सीमेजवळ राजस्थानात होतो. कुठे आणि काय करत होतो ते सांगण्याची ही जागा नाही. पहलगामला २२ एप्रिलला २६ निरपराध माणसं मारली गेली. ६ आणि ७ मेच्या मधल्या रात्री 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं. ८ मेच्या रात्री सीमेवरच्या जिल्ह्यांत ब्लॅकआउट होता. आकाशात ड्रोन आले, ते पाडलेही गेले. इतकं खरं होतं.

त्याच रात्री आपल्या काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं. थोड्या वेळानं इस्लामाबाद पडलं. मग पाकिस्तानात सत्तापालट झाला आणि त्यांच्या लष्करप्रमुखांना अटकही झाली. स्टुडिओमध्ये युद्धाचे भोंगे वाजत होते. पडद्यावर जी दृश्यं दिसत होती त्यांतली काही दुसऱ्या देशांतली आणि जुनी होती, काही तर व्हिडिओ गेममधली होती. एक तरुण शिपाई माझ्याकडे धावत आला. घरून फोन आला होता म्हणे. "साहब, कराची ले लिया!" त्याच्या डोळ्यांत आनंद होता. त्याच्यामागे उभे असलेले सुभेदार मेजर साहेब शांतपणे म्हणाले, "बेटा, हम यहाँ बैठे हैं, तो लिया किसने?"

मला त्या रात्री सगळं ठाऊक होतं असं मुळीच नाही. कर्नलला आपल्या भागापुरतं कळतं, बाकीचं वरच्यांना. पण एखादं शहर ताब्यात घ्यायला किती फौज, किती दिवस, किती इंधन आणि किती पूल लागतात, हे बावीस वर्षं या नोकरीत घालवलेल्या माणसाला कळतं. राजधानीचं शहर जाहिरातींच्या दोन ब्रेकच्या मध्ये पडत नाही.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण त्याच तासाभरात राजौरीत लष्कराच्या ब्रिगेडवर आत्मघाती हल्ला झाल्याची बातमी पसरली. माझ्या युनिटमधल्या एका हवालदाराचा धाकटा भाऊ त्या भागात नोकरीला होता. हवालदाराची आई गावाकडे टीव्हीसमोर बसली होती. भावाचा फोन लागत नव्हता. लागणारच नव्हता, अशा वेळी फोन बंदच असतात. त्या बाईंनी ती रात्र कशी काढली असेल? पत्र सूचना कार्यालयानं ही बातमी खोटी असल्याचं जाहीर केलं, पण भीती जितक्या लवकर घरात शिरते तितक्या लवकर खुलासा शिरत नाही. पुढे नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमांत भोंग्याचे आवाज वापरू नका, नाहीतर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक जागचे हलणार नाहीत.

त्या आठवड्यातली एक गोष्ट मात्र मला अजून छळते. ७ मे रोजी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी आपली माणसं मारली. त्यांत एका मदरशाचे शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना दहशतवादी ठरवलं. शत्रूच्या गोळ्यानं मेलेला आपला नागरिक, आणि आपल्याच पडद्यांनी त्याला शत्रू करून टाकलं. पूंछ पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. घरात प्रेत असताना त्या कुटुंबाला आधी 'आम्ही दहशतवादी नाही' हे सिद्ध करावं लागलं. याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझा मुद्दा युद्धाच्या बातम्यांचा नाही.

त्या रात्री मला थोडंफार खरं माहीत होतं, म्हणून पडद्यावरचं खोटं मला दिसलं. पण रोज संध्याकाळी त्याच वाहिन्या, तेच निवेदक, त्याच आवाजात आणि त्याच खात्रीनं मला राजकारण सांगतात. अमुक नेत्यानं असं म्हटलं, तमुक विधेयकात असं आहे, अमक्या समाजानं असं केलं. तिथं मला आतली काहीच माहिती नसते, आणि तिथं मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. ज्या विषयात मला कळतं त्यात ही मंडळी इतकी चुकतात, तर ज्यात मला कळत नाही त्यात ती बरोबर असतील, असं मी कशाच्या आधारावर मानतो? वाचकहो, तुमच्यात कोणी शेतकरी असाल, डॉक्टर असाल, शिक्षक असाल, तर आपल्या धंद्याविषयीची टीव्हीवरची शेवटची बातमी आठवून पाहा आणि हाच प्रश्न स्वतःला विचारा.

मी यातून सुटलेला नाही, हेही सांगून टाकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नवी नोट आली तेव्हा तिच्यात सूक्ष्म चिप आहे आणि ती जमिनीखाली पुरलेली असली तरी उपग्रहाला सापडते, असं वाहिन्यांनी चित्रं काढून समजावलं होतं. मी तेव्हा मेजर होतो, तांत्रिक विषयांची पदवी खिशात होती. तरी मी अण्णांना फोन करून उत्साहानं ही बातमी दिली. अण्णांची सगळी हयात बँकेत गेलेली. ते म्हणाले, "नोट माझ्या हातात आहे. मी ती उजेडात धरून बघितली. बँकेत जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, त्यांच्याकडे असलं काही परिपत्रक नाही. तू नोट बघितलीस का?" मी बघितली नव्हती. मी फक्त टीव्ही बघितला होता.

फौजेत आम्हाला बातमी कशी तोलायची हे शिकवतात. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली आणि जगातल्या अनेक सैन्यांत रूढ असलेली एक पद्धत आहे. येणाऱ्या प्रत्येक खबरीला एक अक्षर आणि एक आकडा द्यायचा. अक्षर खबर देणाऱ्याचं, ए पासून एफ पर्यंत. 'ए' म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस, 'ई' म्हणजे भरवसा नाही, आणि 'एफ' म्हणजे त्याच्या भरवशाविषयी आपल्याला काही सांगताच येत नाही. आकडा खबरीचा, १ पासून ६ पर्यंत. '१' म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र मार्गांनी खात्री झालेली, '५' म्हणजे असंभवनीय वाटणारी, '६' म्हणजे खरी की खोटी हे ठरवता येत नाही.

या पद्धतीतलं शहाणपण असं की माणूस आणि माहिती वेगवेगळी तोलली जाते. भरवशाचा माणूसही चुकीची खबर आणू शकतो, आणि लबाड माणूसही एखाद्या दिवशी खरं बोलून जातो. आपण राजकीय बातम्यांत नेमकं उलटं करतो. आपल्या आवडीच्या वाहिनीनं सांगितलं की थेट 'ए १'. नावडतीनं सांगितलं की 'ई ५', मग कागद समोर ठेवला तरी. म्हणजे आपण बातमी तोलतच नाही. बातमी आणणाऱ्याचा झेंडा बघतो आणि मोकळे होतो.

दुसरं शहाणपण 'स्वतंत्र' या शब्दात आहे. खबऱ्यांच्या कामातला एक जुना घोळ म्हणजे एकच माणूस तीन जणांना एकच गोष्ट सांगतो, ते तिघे आपापल्या साहेबांना सांगतात, आणि वर बसलेल्या अधिकाऱ्याला वाटतं की तीन ठिकाणांहून खात्री झाली. ८ मेच्या रात्री हेच घडलं. कोणीतरी एक ओळ लिहिली, एका वाहिनीनं ती उचलली, दुसरीनं पहिलीकडे बघून उचलली. दहा वाहिन्यांनी दाखवलं म्हणून लोकांनी मान्य केलं. पण ते दहा साक्षीदार नव्हते, एकाच आवाजाचे दहा प्रतिध्वनी होते. वर्तमानपत्रांतही हे असतं. पीटीआयसारख्या वृत्तसंस्थेनं दिलेला एकच मजकूर चार पेपरांत चार मथळ्यांखाली छापून येतो. चार पेपर वाचले म्हणून चार बाजू कळल्या असं होत नाही.

मग वाहिन्या असं का करतात? सगळ्यांचं बोट लगेच राजकारणाकडे जातं. सरकारनं विकत घेतलं, विरोधकांनी विकत घेतलं. दबाव असतो, नाही असं कोण म्हणेल? पण निम्मं उत्तर त्याहून साधं आहे. बातमी तयार करायला खर्च येतो. पूंछला बातमीदार आणि कॅमेरा पाठवायचा, त्यानं चार दिवस राहायचं, दवाखान्यात, पोलिसांत, त्या घरी जाऊन विचारायचं, याला पैसे लागतात. पाच माणसांना खिडक्यांत बसवून ओरडायला लावणं त्या मानानं स्वस्त. शिवाय वाचक किंवा प्रेक्षक बातमीचा खरा खर्च देत नाही. पेपरची किंमत कागदाच्या खर्चालाही पुरत नाही. बाकीचं जाहिरातीतून येतं, आणि जाहिरात देणाऱ्यांत सरकारं आणि मोठे उद्योग आघाडीवर. ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध कोण किती लिहील?

वाहिन्यांची जाहिरात ठरते टीआरपीवर. २०२० साली देशात टीव्ही असलेली घरं होती सुमारे २१ कोटी, आणि टीआरपी मोजणारी यंत्रं होती सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे सरासरी पावणेपाच हजार घरांमागे एक घर. त्याच वर्षी या मोजणीत फेरफार केल्याचा आरोप झाला, मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला, आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे जाहीर करणं ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बंद होतं. त्या सतरा महिन्यांत आरडाओरडा कमी झाला का? मला तरी तो जाणवला नाही. म्हणजे सवय आता दोन्ही बाजूंना लागली आहे, दाखवणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही.

पैसे घेऊन बातमी छापण्याचा प्रकार तर आपल्या महाराष्ट्रानंच देशाला ठळकपणे दाखवला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून लिहिलं की उमेदवाराच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. प्रेस कौन्सिलनं २०१० मध्ये त्यावर अहवाल केला. आज निवडणुकीत जिल्ह्याजिल्ह्यांत अशा पेड न्यूजवर लक्ष ठेवणाऱ्या समित्या असतात. माझ्यासारख्या दूर राहणाऱ्या मतदाराला मात्र पानावर छापलेलं काय विकत घेतलेलं आहे आणि काय नाही, हे समजायचं कसं?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पत्रकारानं कुठली बाजू घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. मराठी पत्रकारिता बाजू घेऊनच मोठी झाली. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढे टिळकांशी मतभेद झाले तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. दोन्ही पत्रं आपली बाजू कपाळावर लावून फिरत होती. अत्र्यांचा 'मराठा' १९५६ मध्ये निघाला तोच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. हातात घेणाऱ्याला ठाऊक होतं की आपण कोणाचं मत वाचतोय, आणि पटलं नाही तर दुसऱ्या बाजूचं कुठे मिळेल. आजची अडचण अशी की मत बातमीचा गणवेश घालून येतं. आमच्याकडे दुसऱ्याचा गणवेश घालून पोस्टवर शिरणाऱ्याला काय म्हणतात हे सांगायला नको.

आणि आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. खरं लपवण्याची सवय फक्त वाहिन्यांना नाही. फौज आणि सरकार दोघंही गप्प बसतात, आणि पुष्कळदा गप्प बसणं योग्यच असतं. २६/११ ला नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरणारे कमांडो वाहिन्यांनी थेट दाखवले. सीमेपलीकडून फोनवर सूचना देणारे तेच चित्र बघत होते. सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाबच्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमानंच बंदी आली. ती मला पटते. पण गप्प बसण्याचीही एक मुदत असावी. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल साठ वर्षं उलटली तरी सरकारनं अधिकृतपणे खुला केलेला नाही. याउलट, सिंदूरच्या वेळी आपली विमानंही पडली हे संरक्षण दलप्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापुरात स्वतः मान्य केलं, आणि विमानं का पडली हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं, असंही सांगितलं. घरच्या ग्रुपवर काही जणांना ते आवडलं नाही. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. चूक मान्य केल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही, हे अकादमीत पहिल्या सत्रात शिकवतात. सरकारनं रिकामी सोडलेली जागा अफवा भरून काढतात, हेही खरं.

पलीकडचे काय वेगळं करत होते? त्यांच्या संरक्षणमंत्र्यांना एका परदेशी वाहिनीनं आपली विमानं पाडल्याचा पुरावा मागितला, तर त्यांनी समाजमाध्यमांकडे बोट दाखवलं. आपण खूप हसलो. पण त्याच आठवड्यात आपण काय काय बघून टाळ्या वाजवल्या, तेही आठवावं.

आता माझ्यापुरता प्रश्न. मी राजकारणावर जाहीर बोलत नाही. आर्मी रूल्समधला २१ वा नियम तसं सांगतो, आणि तो नसता तरी मी बोललो नसतो. युनिटमध्ये सगळ्या पक्षांना मत देणाऱ्या घरांतली मुलं असतात. त्यांना साहेबाचा पक्ष कळता कामा नये. पण मत मात्र मी देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी माझी टपाली मतपत्रिका आली. आता ती ऑनलाइन येते, युनिटमध्ये छापून घ्यायची, खूण करायची, लिफाफ्यात बंद करून परत टपालानं पाठवायची. मतपत्रिका समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. एकाच नावाच्या पक्षाचे दोन-दोन भाग झालेले. उमेदवारांपैकी एकाला मी शाळकरी असल्यापासून ओळखत होतो, बाकीचे फक्त नावानं. गाव हजार-बाराशे किलोमीटर दूर. मी ज्या माहितीवर खूण करणार, ती मला दिली कोणी?

घरी विचारावं तर तिथे आधीच लढाई जुंपलेली. माझे दाजी एक वाहिनी बघतात, चुलत दादा दुसरी. निवडणुकीच्या आधी ग्रुपवर एका सभेच्या गर्दीच्या फोटोवरून दोघांचं वाजलं. दाजी म्हणाले फोटो जुना आहे, दादा म्हणाला तुमचे डोळे जुने आहेत. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. भाचीच्या लग्नात दोघे मांडवाच्या दोन टोकांना उभे होते. एका बाजूला दाजी मला म्हणाले, "तुम्ही फौजेत आहात, तुम्हाला खरं ठाऊक असणार. सांगा बरं दादांना." दुसऱ्या टोकाला दादा म्हणाला, "तू सांग रे त्यांना." दोघांचंही माझ्यावर प्रेम, आणि दोघांनाही माझ्याकडून खरं नको होतं. माझी सही हवी होती.

मतपत्रिकेवर खूण करण्याआधी मी अण्णांची नोट आठवली. बातम्या बाजूला ठेवल्या आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं उघडली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथेवर लिहून द्यावं लागतं. वाचायला कंटाळवाणं आहे. कोणी ओरडत नाही, मागे संगीत नाही. पण एका संध्याकाळी मला माझ्या मतदारसंघाबद्दल जेवढं कळलं तेवढं सहा महिन्यांच्या चर्चांतून कळलं नव्हतं. एका उमेदवारावरच्या गुन्ह्यांबद्दल माझा जो समज होता तो चुकीचा निघाला, आणि तो समज मला माझ्याच आवडत्या पेपरनं दिला होता.

तेव्हापासून मी थोडी शिस्त पाळतो. राजकीय बातमी आली की दोन दिवस ती कोणाला पाठवत नाही. दोन दिवसांनी ती जिवंत असली तर वाचतो. नेत्याचं वाक्य वादग्रस्त ठरलं असेल तर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर न थांबता आख्खं भाषण ऐकतो. कायद्याबद्दल वाद असेल तर विधेयकच उघडतो. संसदेच्या संकेतस्थळावर ते असतं. न्यायालयाच्या निकालाची बातमी वाचली तर निदान निकालाची शेवटची पानं बघतो. आणि ज्या बातमीनं मला फार बरं वाटलं, तिच्यावर सगळ्यात जास्त संशय घेतो. शत्रू जेव्हा खोटी खबर पेरतो तेव्हा ती आपल्याला हवीहवीशी वाटेल अशीच पेरतो. हे आम्हाला शिकवलेलं आहे, फक्त घरी आल्यावर गणवेशाबरोबर आम्ही तेही काढून ठेवतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. एवढा वेळ कोणाकडे आहे? दिवसभर रानात राबलेल्या माणसानं रात्री विधेयकं वाचायची का? नाही वाचणार तो, आणि त्यानं वाचावीत अशी अपेक्षाही चुकीची. म्हणूनच चांगला पत्रकार लागतो. त्यानं आपल्या वतीनं तिथं जावं, कागद वाचावा, विचारावं आणि आपल्याला सांगावं. असे पत्रकार आहेत. तालुक्याच्या गावी तुटपुंज्या मानधनावर काम करणारे, वाळूवाल्यांच्या धमक्या खाणारे बातमीदार मी पाहिले आहेत. सगळे पत्रकार विकले गेले असं म्हणणं म्हणजे त्यांच्या पाठीत वार करणं. आणि 'सगळेच खोटं बोलतात' हे वाक्य दिसायला शहाणं असलं तरी खोटं बोलणाऱ्याच्याच कामाचं. सगळेच खोटे, तर मग ज्याचं आवडेल ते मानायला आपण मोकळे! आमच्या त्या पद्धतीत '६' हा आकडा आहे, पण त्याचा अर्थ 'खोटं' असा नाही. 'अजून माहीत नाही' असा आहे. अजून माहीत नाही, असं म्हणता येणं ही मोठी गोष्ट आहे. स्टुडिओत बसलेल्या किती जणांच्या तोंडून तुम्ही हे वाक्य ऐकलं आहे?

८ मेच्या त्या रात्री उशिरा मला घरी एक फोन करता आला, मिनिटभराचा. आईनं उचलला. मागे टीव्हीचा आवाज होता.

"अरे, ते कराची म्हणतायत. खरं का?"

"आई, मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही? मग यांना कसं माहीत?"

मी काही बोललो नाही. पलीकडून अण्णांचा आवाज आला, "बंद कर गं तो. सकाळी पेपर येईल." आणि टीव्हीचा आवाज थांबला.

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. वर्तमानपत्रं पाठवण्याची गरज उरलेली नाही, सगळं फोनवर आहे. तरी या दिवाळीत मी त्यांना म्हटलं, "अण्णा, आठवड्याचे पेपर ठेवत जा. सुट्टीवर आलो की एकदम वाचीन." ते हसले, पण ठेवतात. परवा बहिणीनं फोटो पाठवला, माडीवर गठ्ठा दिसतोय, सुतळीनं बांधलेला. पुढच्या सुट्टीत दाजींना आणि दादाला एका दुपारी जेवायला बोलवायचं ठरवलं आहे. जेवण झालं की गठ्ठा सोडायचा, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत ओळीनं तिघांनी मिळून वाचायचं. दोघे येतील की नाही, अजून माहीत नाही.